बाबांचा शुक्रवार

सोम. १० नोव्हें.
हजेरीच्या प्रोग्रॅमची चाचणी. डोंबिवलीच्या एका कारखान्याचा डेटा घातला, तर शुक्रवारी यच्चयावत कामगार गैरहजर, आणि शनिवार-रविवारी सगळ्यांना ओव्हरटाइम. जेवायची वेळ टळेपर्यंत कोड उसवत बसले. चूक माझीच. प्रोग्रॅममध्ये रविवार म्हणजे शून्य, शुक्रवार पाच, शनिवार सहा. शून्य आणि सहाला सुट्टी, असं मीच लिहिलेलं. डोंबिवलीच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची. हे मला कुणी शिकवायला हवं? बाबांनी तिथल्या मशीनवर जन्म काढला. काखेत कळसा.

मंगळ. ११
शुक्रवार डोक्यातून जाईना. शाळेतून न्यायला त्या दिवशी बाबा यायचे. नुकतेच केस कापलेले, मानेला पावडर. आईचा शुक्रवारचा उपास, म्हणून घरात आंबट बंद, मटण तर नाहीच. सुट्टी असून बाबांच्या हातावर गूळ-चणे. मटण रविवारी, ते कामावर असताना. "माझा वाटा ठेवा रे," सांगून जायचे. ठेवायचो. नळी सोडून.

गुरु. १३
दुरुस्ती झाली. सुट्टीचा वार आता प्रत्येकाच्या नावापुढे वेगळा टाकता येतो. टीम लीड मृणाल म्हणाली, "अगं, एवढं सोपं होतं तर आधीच का नाही केलंस?"

रवि. १६
ठाकुर्ली. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटे. दर रविवारी मी जाते, आणि ते इस्त्रीचा शर्ट घालून पाहुण्यांसमोर बसावं तसे बसतात. आज परत विचारलं, "घोडबंदरला या ना माझ्याकडे राहायला." "बघू." मग टीव्ही. आमची सुट्टी कधी जुळलीच नाही. ते रिटायर झाले तरी नाही. फार वाईट वाटलं.

शुक्र. २१
रजा टाकली, न सांगता गेले. दारात बाबा, बनियनवर, मानेला पावडर.
"आज कशी गं? सुट्टी?"
"तुम्हाला आहे ना."
हसले. मग कारखान्याच्या गोष्टी, थांबेचनात. एवढं बोलतो हा माणूस? जेवताना वरणावर पिळायला लिंबू मागितलं. "आज नाही. तिचा शुक्रवार." अजून पाळतात. मला रडूच आलं. त्यांनी माझ्या हातावर गूळ-चणे ठेवले.
निघताना म्हणाले, "तुझ्याकडे येईन गं. पण शुक्रवारी तू ऑफिसात. मी तिथे काय करू?"

सोम. २४
मृणालला विचारलं, रविवारऐवजी शुक्रवारी सुट्टी मिळेल का? रविवारी काम करीन. "शुक्रवारी प्रोग्रॅमचं रिलीज असतं गं. वर विचारून बघते."
चाचणीच्या यादीत माझंही नाव आहे. त्याच्यापुढे पाच टाकून पाहिलं. प्रोग्रॅमने काही कुरकुर केली नाही.
संध्याकाळी बाबांचा फोन. स्वतःहून. "शुक्रवारी येणार असशील तर चणे जास्त आणतो."
आणा म्हटलं. वरून अजून उत्तर नाही.