ती वीट आणि तो वीट

अंबरपेठ, हैदराबाद
१३ फेब्रुवारी २०००

प्रिय अमरदीप,

सप्रेम जयभीम. यातला जयभीम मनापासून आहे. 'सप्रेम' सवयीने लिहिलं गेलं, आता खोडत नाही, कागद खराब दिसतो. हे पत्र मुद्दाम मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिते आहे, म्हणजे वाचता आलं नाही ही सबब उरणार नाही. तरी अडलंच, तर तुमच्या न्यू जर्सीत पुण्या-मुंबईची पुष्कळ मंडळी आहेत असं तूच फोनवर सांगतोस. त्यांच्यातल्या कुणाकडून वाचून घे. त्यांच्यासमोर लाज वाटली तर वाटू दे.

बाबांच्या आजारपणाला सव्वा वर्ष झालं. अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात त्यांचा उजवा हात-पाय गेला, वाचा गेली, तेव्हा तू म्हणालास, डिसेंबरात बघतो. डिसेंबरात म्हणालास, कंपनी सोडत नाही, साल दोन हजारचं काम आहे, कॉम्प्युटरमधल्या तारखा वेळेत बदलल्या नाहीत तर विमानं पडतील, दिवे जातील. मी आमच्या वीज ऑफिसात सगळ्यांना ऐटीत सांगितलं की माझा भाऊ जग वाचवायला गेलाय. मग यंदाचा एक जानेवारी उजाडला. गल्लीतला नळ नेहमीच्या वेळी आला, युसुफभाईंनी दुकानाचं शटर वर केलं, जग जागेवर होतं. तूही तुझ्या जागेवरच होतास.

मला माझ्या त्या पहिल्या पत्राबद्दल बोलायचं आहे. नव्याण्णवचा जानेवारी. मी पहाटे उठून बाबांना स्वच्छ करायची, अंग पुसायची, कण्या भरवायची, शेजारच्या चतुराबाईंना बसवून ऑफिसला पळायची आणि परत आल्यावर तेच सगळं उलट्या क्रमाने करायची. माय असती तर दोघींनी वाटून घेतलं असतं. ती तू इंजिनियर झाल्याचे पेढे वाटून गेली, सुटली. एके दिवशी ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून रडले आणि तिथल्याच कागदावर तुला दोन ओळी लिहिल्या. 'अमर, मला आता वीट आला आहे. तू ये.' एवढंच.

मार्चमध्ये कुरियरने तुझं उत्तर आलं. हे एवढं मोठं खोकं. आत प्लास्टिकच्या रंगीत विटा, वरून टेंगळं, खालून भोकं, लहान पोरं एकावर एक दाबून घरं करतात त्या. सोबत इंग्रजीत चिठ्ठी, की अक्का, तुझ्या पत्रातलं सगळं नीट लागलं नाही, पण तुला विटा हव्या आहेत एवढं कळलं, बाबांच्या हाताच्या व्यायामासाठी असणार, चांगली कल्पना आहे, अजून लागल्या तर कळव.

अमर, मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. खोकं मुसी नदीत फेकून द्यावं असं वाटलं. मग ऑफिसात सांगितलं तर सगळे पोट धरून हसले आणि मीही हसले. म्हटलं, त्याची काय चूक, आठवीपासून मराठी सुटली त्याची, घरात मराठी, गल्लीत उर्दू, वर्गात इंग्रजी आणि मित्रांत तेलुगू, त्यात कुठली एक भाषा धड येणार. तुझी बाजू घ्यायची मला लहानपणापासून खोड आहे, ती एवढ्यात जाणार नव्हती.

खोकं फोडलं ते चतुराबाईंनी, मी ऑफिसात असताना. घरी आले तर बाबा कॉटवर बसलेले आणि डाव्या हातात एक वीट. जी वीट त्यांनी तीस वर्षं सरकारी इमारतींवर रचली, जी सुट्टीच्या दिवशी एकेक भिंत करत या आपल्या दोन खोल्यांना लावली, तिचं ते टिकलीएवढं सोंग ते उलटंपालटं करून बघत होते. मग त्यांनी एक वीट मांडीखाली दाबून धरली आणि दुसरी तिच्यावर बसवली. सरळ नाही. अर्धी सरकवून, सांधमोड करून. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, नाहीतर भिंत फाटते, हे ते तुला-मला जेवतानासुद्धा सांगायचे. पाच महिन्यांत त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हुशारी पाहिली. तुझ्या चुकीमुळे पाहिली, याचा मला तेव्हाही राग आला आणि आजही येतो.

त्यानंतर घरात काय काय झालं ते तुला फोनवर सांगितलं नाही, कारण तू फोनवर दोन मिनिटं असतोस आणि त्यातलं एक मिनिट लाईन खराब आहे असं म्हणण्यात जातं. पहिलं त्यांनी ताटाला कुंपण घातलं. एका हाताने खाताना भात ताटाबाहेर जायचा, तर कडेने दोन थरांची गोल भिंत उभी केली, आता भात तिला टेकवून घास उचलतात. काठी सारखी घसरून पडायची, तिला कॉटच्या पायाशी खाचेची बैठक केली. गोळ्यांना सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन खोल्यांची चाळ, वर उघडणारं छप्पर. चष्म्याला कोनाडा. रेडिओच्या एरियलची मोडलेली दांडी उभी राहावी म्हणून एक मनोरा, आणि तो बांधताना दोऱ्याला बटण बांधून ओळंबा लावला होता. वीतभर मनोऱ्याला ओळंबा. युसुफभाई दारातून म्हणाले, "क्या मिस्त्रीसाब, दुसरा घर बांध रैं क्या?" तर बाबांनी हसून पांढरी वीट पुढे केली. चतुराबाई म्हणाल्या, "पोरानं खेळणं धाडलं, म्हाताऱ्यानं त्याचा संसार केला." आणि फोनचा रिसीव्हर कानापाशी आपोआप उभा राहील अशीही एक घडवंची केली. ती फक्त रविवारी मांडतात, तुझ्या दोन मिनिटांसाठी.

पांढरी म्हणजे हो. काळी म्हणजे नाही. लाल म्हणजे चहा, निळी म्हणजे पाणी, पिवळी म्हणजे भांडं आण. ही त्यांची भाषा, त्यांनीच ठरवली आणि आम्ही शिकलो. चतुराबाई एक अक्षर वाचू शकत नाहीत, त्यांना दोन दिवसांत आली. आणि आठ टेंगळांची हिरवी म्हणजे तू. तू विमानतळावर हिरवा शर्ट घालून गेलास म्हणून असेल. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की ते खिडकीतली हिरवी वीट उचलून माझ्यासमोर ठेवतात आणि माझ्याकडे बघतात. तू येणार का, एवढाच प्रश्न. आणि मी रोज तिच्याशेजारी पांढरी ठेवते. जवळजवळ वर्षभर मी तुझ्यासाठी रोज एक खोटी वीट ठेवते आहे. मनाला धक्का बसला तर दुसरा झटका येईल असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे, त्यामुळे एकाही दिवशी खरं सांगता येत नाही, रोज ठेवावी लागते.

गेल्या रविवारी ट्रंकेत रेशनचे कागद शोधत होते. खाली तुझी सातवीची वही सापडली, सुट्टीच्या दिवशी मी तुला मराठी शिकवायची ती. वाक्प्रचार, अर्थ, वाक्यात उपयोग. पान अकरा. तुझं वाकडं अक्षर. 'वीट येणे : कंटाळा येणे, नकोसे होणे. वाक्य : मला मराठीच्या अभ्यासाचा वीट आला.' शेजारी माझ्या लाल शाईने 'शाबास'. विसरलो होतो म्हणशील. पण माय दिवसातून दहा वेळा हेच म्हणायची, नळाचा वीट, रांगेचा वीट, तुमच्या भांडणांचा वीट, आणि तू तिची नक्कल करून सगळ्यांना हसवायचास. तुला कळलं होतं, अमर. पहिल्याच वाचनात कळलं होतं. न कळण्याची सोय होती म्हणून तू कळू दिलं नाहीस. मी येणार नाही असं स्वच्छ लिहिलं असतंस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. तू मला विटा पाठवल्यास आणि वर तुझी बाजू घ्यायला लावलीस.

तरी मी हे पत्र लिहिणार नव्हते. वही परत ट्रंकेत ठेवली होती. पण काल संध्याकाळी मी घरी आले, चप्पल काढली, बाबांनी हिरवी वीट समोर ठेवली आणि मी नेहमीसारखी पांढरी लावली. त्यांनी माझी पांढरी उचलून बाजूला केली. मग खोक्यात चाचपडून काळी काढली आणि हिरवीच्या शेजारी स्वतः ठेवली. आणि डाव्या हाताने माझ्या हातावर थोपटलं. मला समजावत होते ते, अमर, वाट जणू मीच बघत होते. त्यांना किती दिवसांपासून माहीत होतं कोण जाणे. नंतर त्यांनी ती हिरवी खिडकीत ठेवली नाही, इतर विटांबरोबर खोक्यात टाकली. तीच मी काढून या पाकिटात घातली आहे. ती वीट, स्त्रीलिंगी. पोस्टाने परत पाठवू नकोस, कुरियरने नको, कुणाच्या सासूच्या बॅगेतूनही नको. ती तुझ्या हाताने त्यांच्यासमोर ठेवायची आहे. मला आला आहे तो वीट, पुल्लिंगी, त्याचं मी बघून घेईन. पण तुझं तिकीट निघाल्याशिवाय यापुढे मी पांढरी ठेवणार नाही.

तुझीच, याला माझा इलाज नाही,
रेणुका अक्का