माझ्या बाजूच्या दाराचा रंग

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी चार.

म्हातारे, मी मलाच म्हणतेय, ही वही तुझ्यासाठीच आहे, दुसऱ्या कुणासाठी नाही. कारण तू विसरतेस. काल भाजीत दोनदा मीठ घातलंस आणि वर म्हणालीस, हल्ली मीठच खारट येतं. तेव्हा पुढे कधी हे वाचून दाखवलं, तर हे मी कधी म्हटलं असं विचारू नकोस. तूच म्हटलंस. तुला लिहिता येत नाही म्हणून खालच्या मजल्यावरची टायपिस्टबाई लिहून घेतेय. तीस वर्षं एका वकिलाकडे टाइप करत होती. जे सांगावं ते लिहिते, आणि लिहू नको म्हटलं तेही लिहिते. हेसुद्धा लिहिलंन बघ.

मुद्दा गाडीचा. ह्यांची गाडी. गडद निळी, अकरा वर्षांची. हे गेले त्याला पाच महिने झाले. तेव्हापासून ती खाली शेडमध्ये उभी आहे. काल चिरंजीवाचा फोन आला. म्हणाला, तीस तारखेला येतो, गाडी बघतो, चांगली असली तर ठेवू, नाहीतर काढून टाकू.

मी पहिला अर्धा भाग धरला. ठेवली की चालवणार. चालवली की दर रविवारी इकडे येणार आणि मला फिरवून आणणार, जसे हे आणायचे. तो असं काही म्हणाला नाही. पण पोटच्या पोराने सगळंच का म्हणायचं असतं?

संकल्प: तीस तारखेला गाडीच्या रंगात चिरंजीवाला स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे.

टायपिस्टबाई विचारते, मावशी, तुम्हाला कसं वाटतंय ते लिहू का. काय लिहिणार. काही वाटत नाही. पायाला मुंग्या आल्या की पाय असतो पण आपला नसतो, तसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाटेल हळूहळू. मी म्हटलं, मला घाई नाही.

५ नोव्हेंबर. सकाळ.

गाडी धुतली. ह्यांची पद्धत मला पाठ आहे. दोन बादल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची, जुना बनियन, आणि वरून खाली. मला कधी हात लावू दिला नाही, पण अकरा वर्षं शेजारी खुर्ची टाकून बघितलंय, त्यामुळे सगळं येतं.

बादली एकच घेतली. दुसरी उचलवत नाही. बनियन ह्यांच्या कपाटात आहेत. कपाट उघडलं नाही. भांड्यांची पावडर घेतली आणि टपावर पक्ष्याची घाण वाळून बसली होती तिला तारेची घासणी लावली.

घाण गेली. त्या जागी बशीएवढा पांढुरका चट्टा आहे. टायपिस्टबाईने कपाळावर हात मारला. मी म्हटलं, टपावर आहे गं, चिरंजीव काही एवढा उंच नाही.

७ नोव्हेंबर.

टायपिस्टबाईने फोनमध्ये बघून वाचून दाखवलं. रंग राखायचे तीन मार्ग.

एक, वॅक्स. मेणासारखं असतं, हाताने चोळायचं. दर तीन महिन्यांनी पुन्हा. म्हणजे केसांच्या कलपासारखं. हे कलप लावायचे, कान काळे व्हायचे.

दोन, सिरॅमिक कोटिंग. बाटलीतलं पाणी लावतात, ते वाळून काचेसारखा पातळ थर होतो. दोनतीन वर्षं टिकतो म्हणे.

तीन, फिल्म. मोबाइलच्या काचेवर चिकटवतात तसला पारदर्शक कागद, पण सबंध गाडीला. खडा उडाला तरी ओरखडा कागदावर, रंगाला नाही.

टायपिस्टबाईचं मत, उभ्या गाडीवर कुठून उडणार खडा, मावशी, नुसतं धुवा आणि वॅक्स लावा. तिला कुणी विचारलं होतं? उभी राहणारच नाहीये ती.

ठरलं. वॅक्स.

संध्याकाळी सहा. नको, सिरॅमिक.

८ नोव्हेंबर. उठल्या उठल्या.

फिल्म. आता बदल नाही.

१० नोव्हेंबर.

कोटिंगवाला येऊन गाडी बघून गेला. खिशातून एक छोटं यंत्र काढलं. रंगावर टेकवायचं, रंग किती जाड ते आकड्यात दिसतं. बॉनेटवर एकशे दहा. मागे एकशे पंधरा. ह्यांच्या बाजूच्या दारावर एकशे आठ. माझ्या बाजूच्या दारावर तीनशे चाळीस.

म्हणाला, आजी, हे दार पुन्हा रंगवलंय. खाली पुट्टी भरलीय. कुठेतरी ठोकली असणार.

मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. त्याने परत सगळीकडे टेकवलं. तेच आकडे. मी म्हटलं, मग माझ्या बाजूचं दार मुळातच दणकट दिलं असेल, माझ्याकडे बघून. तो हसला. टायपिस्टबाई हसली नाही, जमिनीकडे बघत राहिली. मला तिचं असं बघणं आवडत नाही.

माझ्या गाडीला एक ओरखडा नाही, असं हे सगळ्यांना सांगायचे. दूधवाल्याला सांगायचे. अतिदक्षता विभागात नळ्या लावलेल्या असताना नर्सला सांगितलं. असा माणूस दार रंगवेल?

कोटिंगवाला म्हणाला, पुन्हा रंगवलेल्या दारावर फिल्म नको. लावताना काही होत नाही, पण काढताना रंगासकट निघू शकते. त्यापेक्षा मशीनने पॉलिश करतो, वरचा बारीक थर घासून निघेल, ओरखडे जातील, मग सिरॅमिक लावतो. मी म्हटलं, तुला रंग राखायला बोलावलंय, खरवडायला नाही. वरचा थर निघता कामा नये. का, ते विचारू नये.

टायपिस्टबाईने विचारलं. तिला चहा दिला.

सबंध गाडीला फिल्म. माझ्या दारालाही. मुळात ती काढायचीच कशाला?

रात्री चिरंजीवाचा फोन. दीड मिनिट बोलला. फार काम असतं त्याला. फार काम असणाऱ्यालाच गाडी लागते.

१४ नोव्हेंबर.

कोटिंगवाल्याच्या दुकानात. तिथे जमीन इतकी स्वच्छ की मी चपला बाहेर काढल्या. कुणीच काढल्या नव्हत्या. भिंतीला ओळीने पांढरे दिवे, खाली दुसऱ्या कुणाची तरी लाल गाडी, आणि एक माणूस ब्लेडने फिल्मची कड कापतोय. जीव मुठीत धरून बघत होते.

एक कागद दिला. टायपिस्टबाई वाचायला लागली. पुन्हा रंगवलेल्या भागाची जबाबदारी दुकानाची नाही, असं तिसऱ्या ओळीत आलं. मी म्हटलं, आपल्यात तसला भागच नाही, पुढे वाच. पुढे काही नव्हतं. अंगठा दिला. सुरेख उमटला. कोटिंगवाला म्हणाला, आजी, अजून विचार करा. मी म्हटलं, विचार करून करूनच केस पांढरे झालेत.

१८ नोव्हेंबर.

गाडी आली. चकाकतेय. टपावरच्या चट्ट्यावरही फिल्म बसवलीय, त्यामुळे चट्टाही चकाकतो.

सूचना: आठवडाभर धुवायची नाही. कुठे बारीक फुगा दिसला तर हात लावायचा नाही, महिनाभरात आपोआप बसतो. कोटिंगवाल्याने हे टायपिस्टबाईला दोनदा सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं.

दुपारी गाडीत बसले, माझ्या जागेवर. वीस मिनिटं. ह्यांच्या सीटवर पाठीची उशी आहे, तिला मधे खळगा पडलाय. त्याच्याकडे बघितलं. काही झालं नाही. वर येऊन बटाटे सोलले.

२२ नोव्हेंबर.

चिरंजीवाचा फोन. गाडीचं पुस्तक आणि विम्याचे कागद शोधून ठेव म्हणाला. बघ! ज्याला ठेवायची असते त्यालाच कागद लागतात.

शिवाय म्हणाला, आता ऑफिसने मला गाडी दिलीय. म्हणजे दोन झाल्या. एक आठवडाभराची, एक रविवारची.

कागदांसाठी ह्यांचं कपाट उघडायला हवं. टायपिस्टबाईला उघडायला सांगितलं. मी स्वयंपाकघरात उभी राहिले. सापडले. बनियन नीट घडी घातलेले आहेत म्हणाली. मी म्हटलं, घडी मीच घालायचे, दुसरं कोण.

२९ नोव्हेंबर. सकाळी आठ.

माझ्या बाजूच्या दारावर फुगा आलाय, हँडलच्या खाली. मसुरीच्या दाण्याएवढा. हात लावणार नाही.

साडेनऊ. लांबून बघितला. लांबूनही दिसतो. उद्या चिरंजीव येणार, त्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाणार.

अकरा. फक्त सुईने टोचला. हवा जाईल एवढंच.

साडेबारा. मोठा झाला. आता लिंबाएवढा. टायपिस्टबाईकडून केस वाळवायचं मशीन मागून आणलं. कशाला हवंय विचारलंन. केसांना म्हटलं. माझ्या डोक्यावर केस किती, आणि गच्चीवर ऊन किती. तरी दिलंन.

दोन. गरम केल्यावर कड सुटली. वाटलं, जराशी उचलावी आणि सारखी करून परत चिकटवावी. उचलली. कर्र असा आवाज आला. फिल्म माझ्या हातात, आणि फिल्मला चिकटून निळा रंग. दारावर ताटाएवढी जागा उघडी पडली. आत करडी पुट्टी. हाताने लिंपलेली, बोटांच्या खुणांसारखे उंचवटे आहेत.

टायपिस्टबाई खाली आली. वाकून बघितलंन. मग म्हणाली, मावशी, पुट्टी आहे. मी म्हटलं, दिसतंय मला, डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं.

आणि तेव्हा लक्षात आलं. दोन वर्षांपूर्वी ते ऑपरेशन झालं तेव्हा मी दहा दिवस बहिणीकडे होते. हे रोज फोन करायचे. थेंब घातलेस का, जेवलीस का, झोप लागली का. गाडीबद्दल एक शब्द नाही. मग न्यायला आले, तर स्वतः खाली उतरून, फिरून माझ्या बाजूला आले आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. मी चढून बसेपर्यंत त्याच्यापुढे उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला वाटलं, डोळ्याला पट्टी म्हणून. दोन वर्षं बहिणीला सांगत होते, म्हातारपणी माणूस सुधारला.

कोटिंगवाल्याला फोन लावला. म्हणाला, आजी, कागद आहे तुमच्या अंगठ्याचा.

संकल्प: उद्या चिरंजीव आला की मी त्या दाराला टेकून उभी राहीन. सहज. पदर जरा मोकळा सोडला की ताटाएवढी जागा झाकली जाते. आत्ता करून बघितलं.

३० नोव्हेंबर, रविवार.

चिरंजीव साडेदहाला आला. ऑफिसच्या गाडीतून. बरोबर एक मिश्या असलेला माणूस. ड्रायव्हिंग स्कूल चालवतो म्हणाला.

मी दाराला टेकून उभी. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं, टायरवर लाथ मारली, क्लच दाबून बघितला. तास-दीड तास. रंगाकडे दोघांनीही बघितलं नाही. आई, बस ना खुर्चीवर, असं चिरंजीव तीनदा म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी उभं राहायला सांगितलंय.

शेवटी मिशीवाला म्हणाला, आजी, जरा बाजूला होता का. झाले.

त्याने दाराकडे बघितलं आणि म्हणाला, चालेल, इथे तसाही आमच्या स्कूलचा बोर्ड चिकटवायचाय. शिकणारी मुलं ठोकतातच.

मी चिरंजीवाला म्हटलं, तू म्हणालास चांगली असली तर ठेवू. तो म्हणाला, अगं आई, चांगली म्हणजे चालती. आणि ठेवू म्हणजे विकायला ठेवू, नाहीतर भंगारात. ऑफिसची असताना मी ही कुठे उभी करू, सांग.

मग दाराकडे बघून हसला. म्हणाला, बाबांनी गेटच्या खांबाला घातली होती ना ती. त्यांना त्या बाजूचं कमी दिसायला लागलं होतं. तुला माहीत नव्हतं? मला शपथ घातली होती, तिला सांगू नकोस, कळलं तर ती माझ्याबरोबर बसणार नाही.

मी म्हटलं, खरंय. नसते बसले.

मिशीवाल्याने गाडी बाहेर काढली. ह्यांच्या उशीवर बसूनच गेला. उशी राहिली त्यात. कुणी थांबवलं नाही. मी पण नाही.

मी विचारलं, आता रविवारचं काय. चिरंजीव म्हणाला, रविवारी मुलांचे क्लास असतात आई, यायला नाही जमणार. पण तुझी सून डबा करून देईल. सकाळच्या बसने पाठवतो, कंडक्टर ओळखीचा आहे, स्टॉपवर जाऊन घे.

संध्याकाळी पाच.

शेडमध्ये तेलाचा एक डाग आहे आणि पावडरचा डबा. डबा वर आणला.

टायपिस्टबाई विचारते, मावशी, काही वाटतंय का. नाही. लिही, नाही. तिचंच नाक लाल झालंय. रुमाल दिला तर म्हणते, सर्दी आहे.

बरं, आता ही वही मीट आणि चिरंजीवाला मेसेज लिही. डबा रविवारी, पहिल्या बसने. पातळ काही पाठवू नको, बसमध्ये सांडतं आणि मग कंडक्टर ओळख दाखवत नाही. भाजी कोरडी. भात मऊ. आणि दोन अंडी उकडून, पण सोलू नको म्हणावं, टरफलासकट पाठव. बसला उशीर झाला तरी टिकतात.