शिजवलेली माती

तीर्थरूप मामा,

भाच्याचा (तोच, ज्याचं नाव तुम्ही दोन वर्षं काढत नाही) साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला? इकडे सगळे खुशाल आहोत, घेवडा सोडून.

गच्चीवर मी लाकडी पेट्यांत घेवडा लावलाय. हिने एकच हंगाम दिलाय: शेंगा आल्या तर ठीक, नाहीतर पेट्या खाली आणि कपड्यांच्या दोऱ्या वर. आता माझा जन्म दवाखान्यातले चिमटे-कात्र्या वाफेवर निर्जंतुक करण्यात गेला, हे तुम्ही जाणताच. (जंतू म्हटलं की माझे हात शिवशिवतात.) तेव्हा माती तरी तशीच कशी वापरणार? सगळी माती थोडी थोडी करून घरच्या कुकरमध्ये शिजवून घेतली, दर खेपेला चार शिट्ट्या. दोन दिवस हिने बाहेरून डबा मागवला. तिसऱ्या दिवशी नवा कुकर आला.

वेल वीतभर वाढले आणि पिवळे पडले. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी (झाडापानांचा विषय शिकवायच्या) एक उपटून मुळं पाहिली आणि विचारलं, "गाठी कुठायत?" आमच्याकडे रोगराई नाही, असं मी ऐटीत सांगितलं. बाई कपाळाला हात लावून तिथेच बसल्या. मग कळलं, की मातीतले काही जंतू मुळात शिरतात आणि वेल त्यांना बिऱ्हाड करून देतो. गाठ म्हणजे त्यांची खोली. वेल त्यांना साखर पुरवतो, ते त्याला हवेतला नत्र पचेल असा करून देतात. (हवेत नत्र उदंड, पण वेलाला तो परस्पर घेता येत नाही.) आणि मी ते बिऱ्हाडकरू दारात यायच्या आधीच शिजवले होते.

मामा, ऐकताना मला तुमचं परसच दिसत होतं. दोन वर्षांपूर्वी मीच तिथला घेवड्याचा एक वेल उपटून, गाठींचा रोग आहे, पसरेल, असं छातीठोकपणे सांगितलं आणि बावीसच्या बावीस वेल जाळले. फुलावर आले होते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. ते वेल ठणठणीत होते. चूक माझी होती आणि मला फार लाज वाटते.

आपला,
निर्जंतुक भाचा

ता. क. त्या वाफ्यातली पोतंभर माती मिळेल का? बाई म्हणतात, ते जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. नवं बी पेरायला अजून वेळ आहे.

आणखी ता. क. मामींना यातलं काही सांगू नका. वेल जळत असताना त्याच म्हणाल्या होत्या, "अरे, आमच्या घेवड्याला गाठी नेहमीच असतात." त्यावर मी त्यांना अर्धा तास जंतू समजावले होते.

अगदी शेवटचं: हिने पत्र वाचलं. म्हणते, मातीचं राहू दे, आधी मामांना बोलव, ते येईपर्यंत दोऱ्या थांबतील. तेव्हा पोतं घेऊन तुम्हीच या. माती आहे तशीच आणा. मी हात लावणार नाही.