पावसामुळे रद्द

मी, व्हर्नन एलिस स्टकी, वय ८४, राहणार मार्लो फोर्ड, आयोवा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. फुप्फुसे गेली आहेत, डोके जागेवर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते एका भित्र्या माणसाने लिहिले होते.

१. दंताळी, फावडी आणि चुन्याच्या रेषा मारायची गाडी कॉलेजच्या मैदानाला द्यावी. तिथे मी एक्केचाळीस वर्षे माळीकाम केले. लोखंडी रोलर पुतण्या ड्वेन ‘उद्या आणतो’ म्हणून घेऊन गेला, त्याला चोवीस वर्षे झाली. तो त्याच्याकडून वसूल करावा. ड्वेनला याखेरीज काही नाही.

२. घर अर्लीन ब्रांट हिला द्यावे. कारण पुढे आहे.

३. आमच्या सहा लहान कॉलेजांच्या ट्राय-रिव्हर बेसबॉल स्पर्धेचा इतिहास मी लिहितो. दर मे महिन्यात ती पुस्तिका मैदानावर वाटतात. कोण जिंकले, किती धावांनी, सगळे त्यात आहे. त्यातली एक ओळ खोटी आहे: ‘१९७१ – अंतिम सामना पावसामुळे रद्द.’

पाऊस सकाळीच थांबला होता. तेव्हा मैदानाच्या ओल्या मातीवर पेट्रोल ओतून पेटवत आणि तासाभरात खेळ सुरू करत. सगळेच करत. आमचा खेळाडू लीलँड ब्रांट, वय एकवीस, आपणहून दंताळे घेऊन आला. म्हणाला, “व्हर्न, आई-बाबा चार तास गाडी हाकून आलेत रे. सुकव ना लवकर.”

दुसऱ्या बेसजवळची आग मला विझलेली वाटली. भर उन्हात पेट्रोलची ज्योत दिसत नाही, हे मला ठाऊक होते. तरी मी डब्यातून पुन्हा ओतले. आग धारेवरून डब्यापर्यंत चढली. मी घाबरून डबा फेकला, तो लीलँडवर. तो नऊ दिवस जगला.

स्पर्धेचे सचिव हॉइट म्हणाले, “पोरगा काही वाचत नाही. तू तुझी नोकरी वाचव. त्यानंच सिगारेट पेटवली म्हण.” मी म्हटले. पुस्तिकेत पाऊस लिहिला, लोकांना सिगारेट सांगितली. हॉइटच्या नावाचा चषक आजही देतात. दर वर्षी तो मीच घासून लखलखीत केला, याची मला किळस येते.

लीलँडला लहानपणापासून दमा होता. त्याची बहीण अर्लीन तेव्हा चौदा वर्षांची होती. ती दर वर्षी येते, तिसऱ्या बेसमागे बसते आणि अंतिम सामना संपला की विचारते, “मिस्टर स्टकी, माझा भाऊ सिगारेट ओढायचा?”

“माझं लक्ष नव्हतं, अर्लीन.”

एक्कावन्न वर्षे हेच.

४. ती ओळ यापुढे अशी छापावी: ‘१९७१ – अंतिम सामना झाला नाही. व्हर्नन स्टकीने पेटत्या मातीवर पेट्रोल ओतले. त्यात लीलँड ब्रांट भाजून मेला. त्याने काडी ओढली नव्हती.’

दुरुस्ती: हे मी वकीलबाईंच्या कचेरीत अर्लीनला वाचून दाखवले. ती म्हणाली, “हे तुम्ही मेल्यावर बाहेर येणार?”

“हो.”

“म्हणजे तेव्हाही तुम्ही समोर नसणारच.”

तिने कलम २ वर बोट ठेवले.

“घर नको मला. साक्षीदार म्हणून सही करते.”

वकीलबाई म्हणाल्या, “साक्षीदाराला मग यातलं काही मिळत नाही हं.”

“म्हणूनच. पण सही इथे नाही. शनिवारी मैदानावर हे माईकवर वाचा, लोकांसमोर. मग खुशाल मरा.”

कलम २ खोडले आहे. घर इस्पितळाच्या भाजलेल्यांच्या विभागाला जावे.

सही: व्हर्नन ई. स्टकी

साक्षीदार: ग्लॅडिस प्रुइट, वकील
अर्लीन ब्रांट, लीलँडची बहीण

ठिकाण: मैदान, दुसरा बेस, सर्वांसमोर वाचून झाल्यावर
तारीख: १४ मे २०२२. पाऊस नव्हता.