मोठा कॅमेरा कुठे गेला?

आप्पा, मी लहान कॅमेरा घेतला आहे. मुठीत मावतो, ड्रेसच्या खिशात जातो, आणि तुम्ही असता तर त्याच्याकडे बघून ही काय तपकिरीची डबी आणलीस, असं म्हणाला असता. म्हणा खुशाल. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तळोद्यात तुमच्या वतीनं बोलणाऱ्यांची कमी नाही. दुकानाची पायरी चढणारा प्रत्येक माणूस आधी काउंटरकडे बघतो, मग माझ्या हाताकडे, आणि विचारतो, "ताई, मोठा कॅमेरा कोठे गया?" पासपोर्ट फोटोला आलेला कॉलेजचा पोरगा विचारतो, आदिवासी विकासच्या ऑफिसातला शिपाई विचारतो, समोरचा चहावाला तर रोज विचारतो. दिला म्हटलं की घरातलं कुणी गेल्यासारखं तोंड करतात. माझा खांदा गेला, त्याचं मात्र कुणाला काही नाही.

खरंच गेला आहे. उजवा हात आता वर जात नाही, वेणी घालायला सुनेला हाक मारावी लागते. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, वजन उचलणं बंद करा. मी म्हटलं, साहेब, मी हमाली करत नाही, फोटो काढते. ते म्हणाले, तुमच्या खांद्याला ते कुठे माहीत आहे? त्या दिवशी मला डॉक्टरांचा नाही, तुमचा राग आला. "कॅमेरा जड असला की माणूस ताठ उभा राहतो," हे तुमचं वाक्य. ताठ तुम्ही उभे राहायचात. फ्लॅशची ती विटेएवढी बॅटरी चामड्याच्या पिशवीत घालून माझ्या खांद्याला अडकवलेली असायची आणि तिची वायर तुमच्या फ्लॅशपर्यंत जायची. तुम्ही हलाल तिकडे मी पळायचं, वायर ताणू द्यायची नाही आणि कुणाच्या पायातही येऊ द्यायची नाही. बारा-तेरा वर्षांची होते मी. लग्नात बाकीच्या मुली नवरीच्या मागे, आणि मी तुमच्या. घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं, असं आई तुमच्या तोंडावर म्हणायची आणि तुम्ही हसून पानाला चुना लावायचात. पुढे दुकान माझ्याकडे आलं तेव्हा मीही शहाणी असते तर बरं होतं. पण बाई फोटोग्राफर म्हटल्यावर लोकांना आधीच शंका, म्हणून मी गावातला सगळ्यात मोठा कॅमेरा घेतला, त्याला हातभर लेन्स लावली आणि लग्नसराईमागून लग्नसराई तो गळ्यात घालून काढली. तोच आता दिला. त्यात फोटोसाठी किती होतं आणि लोकांच्या नजरेसाठी किती, ते माझ्या मानेला विचारा.

लहान कॅमेरा पसंत करायला मला फार वेळ लागला नाही. डोकं उठवलं ते त्याच्याबरोबरच्या सामानानं. नंदुरबारच्या दुकानदारानं पहिलाच प्रश्न केला, "नातवासाठी का, मॅडम?" मी म्हटलं, माझ्यासाठी. तर त्यानं गुलाबी पाकीट काढलं. त्यावर फुलपाखरू. मी ते बाजूला सारलं तर काळं कडक खोकं काढलं, ज्यातून कॅमेरा बाहेर येईपर्यंत नवरा-नवरी दोन फेरे घेऊन मोकळी होतील. मग गळ्यात घालायचा चार बोटं रुंद पट्टा. अहो, मान वाचावी म्हणून तर हा घेतेय, परत मानेलाच काय टांगता? मी मनगटात अडकवायची साधी दोरी घेतली. बॅटऱ्या जादा घेतल्या, कारण या लहान कॅमेऱ्याचा जीव एवढासा आणि भूक मोठी. एक बरं कार्ड, एक मऊ कापडी पिशवी, आणि पासपोर्ट फोटोसाठी टेबलावर उभं राहील असं वीतभर स्टँड. एवढ्यावर संपलं असतं, पण त्यानं कपाटातून एक फ्लॅश काढला आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून दाखवला. नाकापेक्षा मोती जड, कॅमेरा पुढच्या पुढे कलंडला. "फ्लॅशशिवाय लग्न कसं कराल, मॅडम? झगमगाट झाल्याशिवाय लोकांना फोटो काढला असं वाटत नाही." बिचारा धंद्याचंच बोलत होता. पण मी अशी काही भडकले की शेजारच्या गिऱ्हाइकानं मागे वळून बघितलं. फ्लॅश नको म्हणजे नको, असं मी चारदा तरी म्हणाले असेन. का, ते तुम्हाला माहीत आहे.

नव्या कॅमेऱ्याचं पहिलं लग्न आलं ते नेमकं प्रकाशा गावातलं, आपल्या त्या केळीवाल्यांच्या घरचं. तुमच्यापासून त्यांचं प्रत्येक कार्य आपण केलेलं. मी आदल्या दिवशी अंगण, मांडव, उजेड बघायला गेले, तर नवरदेवाच्या बापानं माझ्या हातातला कॅमेरा बघितला आणि त्याचा चेहराच उतरला. "ताई, हाई लगीन शे. आधार कार्डना फोटो नई." मी समजावलं, भिंतीवर फोटो लागणार आहे, कॅमेरा नाही. फोटो काढून दाखवला, मोठा करून दाखवला. तो म्हणाला, "ते खरं शे, पन याही काय म्हनतीन?" व्याह्यांना काय दिसणार याची त्याला काळजी. शेवटी त्यानंच तोड काढली. म्हणाला, आप्पांचा जुना रोलचा कॅमेरा दुकानात काचेच्या कपाटात आहे ना, तो गळ्यात घालून या, आणि फोटो काढा त्या बारक्यानं. मी घातला, आप्पा. गिऱ्हाईक मोडवत नाही म्हणून घातला. रिकामा कॅमेरा पोटावर लोंबतोय आणि मी मुठीतल्यानं फोटो काढतेय. आणि लोक बघतात कुठे? तुमच्या कॅमेऱ्याकडे! मी हात हलवतेय, इकडे बघा, इकडे बघा, आणि अख्खी वरात माझ्या पोटाकडे बघून हसतेय. अल्बममध्ये सगळ्यांच्या नजरा खाली आहेत. घरी येऊन मी तो कॅमेरा परत काचेत ठेवला आणि त्यावर 'विकणे आहे' अशी चिठ्ठी चिकटवली.

आता खरं बोलू, त्या जुन्या दिवसाचं. याच अंगणात, याच घरच्या मुलीच्या लग्नात, मी बॅटरी घेऊन तुमच्या मागे उभी आहे. जेवणावळी उठल्या आहेत. मागच्या बाजूला चुलीपाशी त्यांच्या सालावर ठेवलेल्या सालदाराची बायको भांडी घासते आहे, मोलगीकडची, डोंगरातून कामाला खाली आलेली. कडेवर पोर. ती हात पुसत येते आणि लाजत म्हणते, भाऊ, याचा एक काढ ना. तुम्ही लगेच हो म्हणता. रोल महाग होता, यजमानांनी ठरवून दिलेल्या फोटोंपलीकडे एक फुकट गेला तर तो आपल्या पोटावर यायचा, हे मला मान्य. नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायला तुमची जीभ रेटायची नाही. त्यासाठी फ्लॅशच्या मागे ते बारीक बटण होतं. कॅमेऱ्याची कळ न दाबता नुसतं ते दाबायचं, लख्ख उजेड पडायचा, माणूस खूश. जे पुढे फोटो विकत घेतील त्यांच्यासाठी कळ, आणि कामवाल्या, गडी, ढोलवाले यांच्यासाठी बटण. सगळे फोटोग्राफर करतात, म्हणायचात. त्या दिवशी तुम्ही खिशातून कंगवा काढलात, त्या पोराचे केस नीट भांग पाडून विंचरलेत, आपल्या रुमालानं त्याचं नाक पुसलंत, हनुवटीला बोट लावून तोंड वर केलंत. उजेड पडला. मी हाताच्या अंतरावर होते, आप्पा. कळीचा आवाज आला नाही.

त्याच पावसाळ्यात ते पोर तापानं गेलं. ती बाजाराच्या दिवशी दुकानात आली, जीपमधून उतरून थेट, आणि फोटो मागितला. तुम्ही म्हणालात, "बाई, रोल संपायचाय अजून. संपला की धुवायला घेईन." ती परत आली. तुम्ही परत तेच म्हणालात. मी आत फोटोंच्या कडा कापत बसले होते. ती गेल्यावर मी म्हटलं, आप्पा, तुम्ही कळ दाबलीच नव्हती. तुम्ही माझ्यावर कधी ओरडत नव्हतात, त्या दिवशी ओरडलात. धंद्याच्या गोष्टीत तोंड घालायचं नाही, म्हणालात. आणि मग आवाज खाली आणून, "तिला तेवढीच आशा." आशा! ज्याचं पोर गेलं त्याला आशा कसली विकता? ती पुढे येईनाशी झाली आणि तुम्ही सुटलात. मला वाटलं, मीही सुटले.

गेल्या बाजाराला ती आली. मी ओळखलं नाही. म्हातारी झाली आहे, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. दुकानात गर्दी होती, मी स्टँडवर कॅमेरा लावून एका मुलीचा फोटो काढत होते, तर हिनं मागून विचारलं, "माय, मोठा कॅमेरा इकी ऱ्हायनी का?" काचेतल्या तुमच्या कॅमेऱ्यावर चिठ्ठी लागल्यापासून हा नवा प्रश्न, सकाळपासून सहाव्यांदा का सातव्यांदा ऐकत होते. मी मागे न बघता फटकारलं, "हो, इकाले काढेल शे." ती काउंटरला धरून उभी राहिली. म्हणाली, "इकू नको, माय. मन्हा पोऱ्या शे त्याम्हा."

मी मुलीला बाजूला बसवलं. म्हातारी सांगत गेली. केळीवाल्यांकडेच असते अजून, आता काम होत नाही, ओसरीवर असते. परवाच्या लग्नात तिनं माझ्या गळ्यात तो कॅमेरा बघितला. "चालू शे तो. मी दखा ना. मंग रोल सरना का?" मी काय करायला हवं होतं, सांगा? मी खरं सांगितलं. तुम्ही जे दोन वाक्यांत सांगू शकला असता, ते मी इतक्या वर्षांनी गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. "मावशी, तो फोटो काढाच नव्हता. मन्हा बापनी नुसता उजेड पाडा व्हता."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या लहान कॅमेऱ्याकडे. रडली नाही, चिडली. "तू खोटं बोली ऱ्हायनी. तुले तो इकाना शे म्हनीसन. तुन्हा बापनी मन्हा पोऱ्याना केस इचरात. फोटो काढाना नव्हता ते केस कसाले इचरात?"

द्या आता उत्तर. मी तिला म्हटलं, बस, तुझा एक काढते, लगेच हातात देते. ती म्हणाली, "मन्हा फोटो माले काय करना शे?" आणि जाताना दारातून वळून, लहान मुलीला बजावावं तसं, "रोल सरना की सांगजो." तुम्ही खोटं बोललात आणि खरे ठरलात. मी खरं बोलले आणि त्या बाईच्या लेखी मी तुमचं दुकान विकायला बसलेली लबाड पोरगी आहे. मेल्यावरसुद्धा तुमच्या शब्दाला वजन, तुमच्या कॅमेऱ्याला वजन, आणि माझ्या हातात ही डबी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण केस का विंचरलेत, आप्पा? फसवायचंच होतं तर बटण दाबून मोकळं व्हायचं. एवढा जीव लावून त्याचा भांग कशाला पाडलात? त्या क्षणी तुम्हाला काय वाटत होतं, ते मला कधीच कळणार नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो.

नव्या कॅमेऱ्याला मुळात आवाज नाही, सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो. मी केला आहे, आणि बंद करणार नाही. फ्लॅश घेणार नाही. हे लिहिलेलंही कुणाला दाखवणार नाही, कपाटात तुमच्या कॅमेऱ्याखाली ठेवीन. हो, तो आहे अजून. ती गेल्यावर मी चिठ्ठी काढून टाकली आणि कॅमेरा घेऊन मागच्या डार्करूममध्ये गेले. तिथे आता फ्लेक्सचे रोल आणि फुटक्या फ्रेमा पडल्या आहेत. त्या लग्नानंतर तुम्ही त्यातून किती रोल काढलेत त्याला गणती नाही, शेवटचा तर मी माझ्या हातानं काढला. तो रिकामा आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी मागचं झाकण उघडायच्या आधी मी दार लावून घेतलं, आत रोल असला की करतात तसा दिवा बंद केला, दाराखालच्या फटीला ओढणी कोंबली, आणि मग अंधारात उघडलं.