दारातली पट्टेवाली कोरफड

अण्णा, ती पट्टेवाली कोरफड मीच उपटली होती. तुम्हांला ते ठाऊक होतं, आणि तुम्हांला ठाऊक आहे हे मलाही कळत होतं, तरी तुम्ही जाईपर्यंत आपण त्यावर एक शब्द बोललो नाही. तुम्हांला जाऊन आता इतकी वर्षं झाली, आता भ्यायचं कुणाला, म्हणून लिहायला बसले, तर भीती आपली होती तिथंच बसलेली.

शाळेतून आलात की चपला काढायच्या आधी तुम्ही ओट्यावरच्या डब्यांकडे जायचात. तुपाचे रिकामे डबे, बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं, आत विटांचे तुकडे आणि गोदावरीची वाळू. एक ठिपक्यांची, एक काटेरी कडांची, एक उन्हात तांबूस पडणारी, अशा तुमच्या शोभेच्या कोरफडी. डबा उचलून बघायचात आणि वजनावरून ठरवायचात, पाणी द्यायचं की नाही. मी लहानपणी एकीला रोज तांब्याभर पाणी घातलं आणि ती बुडातून कुजली, तेव्हा म्हणाला होतात, "तहानेनं नाही मरत गं ती, लाडानं मरते." पण लाडकी तुमचीही होती एक. पांढऱ्या पट्ट्यांची, वीतभर उंचीची. बोटाएवढं पिल्लू आणलं होतं तुम्ही कुणाकडून तरी, आणि पाच वर्षांनी तिला फुलांचा दांडा आला तेव्हा सगळा वर्ग घरी आणून दाखवला होता.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. मी पहिल्या बाळंतपणाला आले होते. बाळ दीड महिन्याचं झालं आणि त्याला ताप भरला. वस्तीतल्या डॉक्टरांनी बाटली दिली. ताप सकाळी उतरायचा, दिवेलागणीला पुन्हा चढायचा. चौथ्या दिवशी त्यानं रडणंच सोडलं. रडत होतं तोवर मी वैतागत होते, ते गप्प झाल्यावर मी त्याला मांडीवरून खाली ठेवेना. दर थोड्या वेळानं त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायची. मखमलाबादकडच्या मळ्यातून दारावर भाजी घेऊन येणाऱ्या मावशीनं टोपली उतरवली, बाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नजर लागली गं पोरी, लय जोरात. दारात कोरफड टांग, उलटी, मुळं वर. नाय उतरला ताप तर मला बोल."

आपल्या दारात, अण्णा! धम्मदीक्षा घेऊन आल्यावर आजीचे देव स्वतःच्या हातांनी नदीत सोडणारे तुम्ही. वस्तीत कुणाच्या दारावर लिंबू-मिरची दिसली की तिथंच थांबून चारचौघांत त्याची हजेरी घेणारे तुम्ही. उलटी टांगलेली कोरफड जगते ती पानांत साठवलेल्या पाण्यावर, हे तुम्हीच मला पान चिरून दाखवलं होतं. सगळं पाठ होतं मला. पण बाळाचं अंग हाताला भाजत होतं आणि पाठ केलेलं काही कामाला येत नव्हतं. मावशीच्या हिशेबी कुठलीही कोरफड चालली असती. मला वाटलं, साधीसुधी देऊन भागायचं नाही, घरात जी सगळ्यांत लाडकी तीच द्यायला हवी. आई बघत होती. तिनं शिवणाच्या डब्यातून काळा दोरा काढून दिला.

तुम्ही येता. सवयीनं डब्यांकडे वळता, रिकामा डबा बघता, मग मान वर करता, चौकटीला ती उलटी टांगलेली. मी बाळाला घेऊन आतल्या दारात उभी आहे. आता ओढून फेकतील, आणि फेकली की माझं बाळ जाईल, एवढंच डोक्यात.

"ताप किती आहे?"

"तसाच आहे."

"चल, मोठ्या दवाखान्यात नेऊ."

आपण निघालो ते त्या कोरफडीखालूनच. तुम्ही उंच, म्हणून मान वाकवून. दवाखान्यात बाळाला सुई दिली आणि रोज सकाळी आणायला सांगितलं. तुम्ही रोज त्याला कडेवर घेऊन मान वाकवत गेलात.

रविवारी वंदनेनंतर विहाराचे अध्यक्ष आणखी दोघांना घेऊन आले. "जयभीम, गुरुजी," म्हणाले आणि चौकटीकडे बघून थबकले. "गुरुजी, तुमच्या दारात? हे काय?"

मी आत ऐकत होते.

"मुळं कुजली होती हो तिची," तुम्ही म्हणालात. "सुकायला टांगलीय. आठवडाभर सावलीत राहिली की पुन्हा लावायची."

"असं होय! मला आपलं वाटलं..."

"काय वाटलं?" म्हणत तुम्ही हसलात.

कुजलेल्या कोरफडीला खरंच तसं सुकवतात. पण हिची मुळं जाड, निरोगी होती आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. जन्मात मी तुम्हांला खोटं बोलताना ऐकलं ते तेवढंच. पुढच्या आठवड्यात बाळ अंगावर पिऊ लागलं, खणखणीत रडू लागलं. तुम्ही कोरफड उतरवली, डब्यात लावली आणि डब्याकडे बघतच म्हणालात, "सुयांनी उतरला हं ताप." मी मान हलवली.

ते बाळ आता इंदिरानगरला राहतं, त्याचीच मुलं कॉलेजात आहेत. त्यालाही मी हे सांगितलेलं नाही, आणि हे पत्र वाचायला तुम्ही नाही. कुणालाही वाटेल, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात तेव्हा मला भरून आलं असेल. ते फार पुढं, तुम्ही गेल्यावर. त्या वेळी मला तुमचा राग आला होता, अण्णा, आणि धडकी भरली होती. तुम्ही तिला नुसती सुकायला टांगलेली म्हणालात, आता तिचा गुण गेला तर? त्या रविवारी तुम्ही पाहुण्यांना आत बसवून चहाचं सांगायला गेलात. मी बाळाला खांद्यावर टाकून दारात आले, त्याचं डोकं बरोबर तिच्याखाली धरलं, आणि तुमच्या वतीनं तिची माफी मागितली.