डिस्कची वाट न पाहता

२ ऑक्टोबर
न्डोला शहरात सुखरूप पोहोचलो. रुग्णालयाच्या रक्तपेढीत सर्व्हर सांभाळायचा आहे. पहिलीच नोकरी. शाळा नववीत सुटली, पुढचं सारं चुलत्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात शिकलो. पेढीच्या प्रमुख बाना मुलेंगा, म्हणजे मुलेंगाची आई, यांनी न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घोटलेला घट्ट गोळा, आणि सुकी मासळी वाढली. म्हणाल्या, "चितालू, तुझं यंत्र एक पिशवी नोंदवतं तोवर माझी न्शिमा घोटून होते. तिकडे वॉर्डात बाईचं रक्त वाहतंय, आणि आम्ही इथे पडद्यावरचं चक्र बघतोय."

४ ऑक्टोबर
कारण सापडलं. प्रत्येक नोंद खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत फाइलसिस्टम डेटाबेसला थांबवून धरते, आणि डिस्क जुनी आहे. ती अट काढली तर नोंद लगेच 'झाली' असं दिसतं, लिहिणं मागाहून सवडीने होतं. मध्येच वीज गेली तरच धोका. पण वीज वेळापत्रकाप्रमाणे दोनला जाते, आणि मी पावणेदोनला सर्व्हर नीट बंद करतो. शिवाय सर्व्हरला बॅटरी आहे. अट काढली.

५ ऑक्टोबर
चाळीस सेकंदांचं काम एका सेकंदात. बाना मुलेंगा म्हणाल्या, मुलगी असती तर तुला जावई केलं असतं.

९ ऑक्टोबर
वीज अकरा वीसलाच गेली. वेळापत्रकात नव्हतं. बॅटरी रक्ताच्या फ्रिजला जोडलेली निघाली. रक्त नासू नये म्हणून बाना मुलेंगांनी शनिवारीच हलवली होती. बरोबरच केलं त्यांनी. दुपारी सर्व्हर सुरू झाला. एकही चूक दाखवली नाही.

१० ऑक्टोबर
कालच्या सकाळच्या सात नोंदी नाहीत. डिस्कवर उतरल्याच नाहीत. पिशव्या मात्र फ्रिजमध्ये आहेत, ४४१८ ते ४४२४. काल दुपारी नव्याने आलेल्या सात पिशव्यांना डेटाबेसने तेच क्रमांक पुन्हा दिले. पिशवीवर नुसता क्रमांक असतो. रक्तगट पडदा सांगतो, आणि तो दुपारच्याच पिशव्यांचा.
अजून कुणाला सांगितलं नाही. नोकरी जाईल. आधी चौदाही बाजूला काढतो.

दुपारी ३
तेराच आहेत. ४४२१ ची एक गेली. प्रसूती वॉर्ड, म्वाबा, वय एकोणीस. तातडीचं म्हणून तिच्या रक्ताशी जुळवणी न करता दिली. पडद्यावर 'ओ', कुणालाही चालतो तो गट. पण गेली ती दुपारची, की सकाळची—

३.२५
म्वाबाला थंडी वाजतेय, लघवी लाल झालीय. बाना मुलेंगा म्हणाल्या, मलेरिया असेल, तू जेवून घे, तोंड सुकलंय तुझं. मी मान हलवली. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तरी असंच होतं, भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलंय.

३.४०
अट पुन्हा घालायला शेजारच्या खोलीत गेलो, तेवढ्यात— बाजूला काढलेल्या आता बाराच. वॉर्डातून येऊन ४४१९ नेली. तिलाच.

जिन्यावर पावलं. आणखी एक मागायला येताहेत. दार उघडलं की सांगतो, म्वाबाची सुई आधी काढा, ते रक्त